आमटी खारट कुणाला लागली

आमच्या गावच्या भंडाऱ्यात आमटीत मीठ घालायचं काम एकाच माणसाचं असतं. बाकीची कामं सगळ्यांची. डाळ कुणीही निवडावी, लाकडं कुणीही ओढावीत, भाकरी तर घराघरातनं येतात. पण मीठ एकानंच घालायचं. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी आमटी कुणी चाखायची नाही असा नेम आहे. काहीलभर आमटी, सारं गाव जेवणार, पै-पाहुणे जेवणार, आणि चव बघायची सोय नाही. दोघांनी मीठ घातलं तर कुणी किती घातलं याचा मेळ लागत नाही. म्हणून एकाचा हात. त्याला आम्ही मिठाचा मान म्हणतो. वडलांच्या मागं तो माझ्याकडं आला.

गाव आमचं इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या अंगाला. मोठं नाही, पण भंडाऱ्याला भिगवणपासनं माणसं येतात. आमटीला नाव आहे.

चाखत नाही तर कळतं कसं, असं पोरं विचारायची. मी सांगायचो, वासावर. उकळी फुटली की आळणी आमटीला एक कच्चा वास येतो, डाळीचा. मीठ पडत गेलं की तो वास खाली बसतो. काहिलीच्या कडेला उभं राहायचं, वाफ तोंडावर घ्यायची आणि ओंजळ सोडत जायची. थांबायचं कुठं ते हात सांगतो. हे मी छाती काढून सांगायचो. चौथी मी पुरती केली नाही, पण भंडाऱ्याच्या दिवशी काहिलीपाशी शिकला-सवरला माणूससुद्धा मला वाट द्यायचा. मी आलो की आचारी लोक बाजूला व्हायचे. माझं मीठ घालून झालं की मी उपरण्याला हात पुसायचो, आणि मग बोलायला मोकळीक असायची. तोवर सगळे गप. एवढा तो मान.

वासावर कळतं हे खरं की खोटं, ते आता मला विचारू नका. मला ते आता सांगता येत नाही. का येत नाही, तेवढंच इथं लिहायचं आहे.

भंडाऱ्याचं सगळं बघणारा गडी आमच्या भावकीतला. वयानं माझ्या पोरासारखा. त्याचे ट्रॅक्टर आहेत, हंगामात ऊस वाहतो, चार माणसांत त्याचा शब्द चालतो. तो हसला की माणसं हसतात, तो उठला की उठतात. मी त्याला म्होरक्या म्हणतो, तोंडावरसुद्धा. त्याला ते आवडतं.

त्या वर्षी सगळं नेहमीसारखं झालं. मीठ घातलं, नैवेद्य गेला, आरती झाली. आरती झाल्यावर पहिली वाटी मीठवाल्याची, हाही नेमच. मी वाटी घेतली, भुरका मारला. आमटी बेस होती. हे मी ठासून लिहितो, कारण पुढं काय झालं ते सांगताना लोक हेच विसरतात. तिखट घशाला लागत होतं, मागनं खोबऱ्याची चव येत होती, आणि मीठ असं होतं की ते वेगळं कळतच नव्हतं. मीठ कळलं नाही म्हणजे मीठ बरोबर. मी निवांत वाटी हातात धरून उभा राहिलो.

पंगत बसली. म्होरक्या पहिल्या रांगेत. त्यानं भाकरी चुरली, वर आमटी ओतून घेतली, पहिला घास तोंडात टाकला आणि त्याचा डोळा बारीक झाला. गाल एका बाजूला ओढला गेला.

"तात्या," तो म्हणाला, "हात जड पडला का औंदा?"

बास. एवढंच बोलला. रागानं नाही, हसत म्हणाला.

त्याच्या शेजारचा घास तोंडाजवळ नेत होता. त्यानं घास टाकला, चावला, आणि मान हलवली. "जरा हायच खारट." त्याच्या पलीकडचा म्हणाला, "जरा? आरं पाणी आण रं हिकडं." मी बघत होतो. ती गोष्ट रांगेनं सरकत गेली. पाट सोडला की पाणी कसं एका सरीतनं दुसऱ्या सरीत जातं, तशी. बायकांची पंगत पलीकडं मांडवात होती, तिथं अजून वाढायलाही आलं नव्हतं, तर तिथनं एक म्हातारी ओरडली, "आमाला जरा पाणी घालूनच वाढा गं बायांनो!"

मांडव हसला. मी नाही हसलो. मी माझ्या हातातल्या वाटीतला दुसरा भुरका मारला.

खारट.

तीच वाटी, तीच आमटी, मधी कुणी काही घातलं नव्हतं. पहिल्या भुरक्याला मीठ कळत नव्हतं, आणि आता जिभेच्या दोन्ही कडांना मीठच मीठ. मला वाटलं, लाळेनं तशी लागली असंल. परत प्यालो. आणखी खारट.

माणसाला राग येतो तो अशा वेळी. मी म्हणालो, "चव कळत न्हाय त्यानं जीभ दावून यावी. आमटी हाय तशी बरोबर हाय." आणि हे बोलताना माझ्या तोंडात मीठ होतं. मी खोटं बोलत होतो की खरं, ते माझं मला कळत नव्हतं. म्होरक्या म्हणाला, "आवं तात्या, चिडू नगा, वय झालं की हुतंय." माझ्या बरोबरीचा एक गडी आहे, लहानपणापासनं संगतीचा. रानाला रान लागून, उठणं-बसणं एकत्र. मी त्याच्याकडं बघितलं. तो तरी बोलंल. तो तांब्यानं पाणी पीत होता. तांब्या खाली ठेवला तरी त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

त्यानंतर घरात तऱ्हा सुरू झाली.

आमची म्हातारी, म्हणजे माझी बायको, पहिल्यापासनं मीठ बेतानंच घालते. मी जेवायला बसलो की ती समोर बसायची आणि माझ्या तोंडाकडं बघायची. आधी कधी बघत नव्हती. भंडाऱ्याचं तिलाही लागलं होतं, ती काळजीनं बघायची. मी घास घेतला की विचारायची, "खारट तर न्हाय ना लागत?"

लागत नसायचं. तिनं विचारलं की लागायचं.

"तू इचारू नगं," मी म्हणालो.

"बरं, न्हाय इचारत."

मग ती विचारायची बंद झाली, पण बघायची. घास घेतला की मी तिच्या कपाळाकडं बघायचो, आठी पडते का. ती माझ्या कपाळाकडं बघायची, आठी पडते का. दोघांच्या आठ्या पडायच्या आणि पिठलं खारट व्हायचं. एके दिवशी ती उठली, माझ्याकडं पाठ केली आणि भिंतीकडं तोंड करून जेवायला बसली.

"हे काय?"

"तुमच्या जिभेला माझं त्वांड बाधतंय न्हवं? मग बसते अशी."

सून बाहेरनं आली आणि दारातच थांबली. तिला वाटलं भांडण झालंय. आमची म्हातारी भिंतीला सांगावं तशी म्हणाली, "भांडाण न्हाय गं बाई, औषध चाललंय."

चार दिवस बरं गेलं. मग मला तिच्या पाठीवरनं कळायला लागलं. ती थांबली, घास जरा उशिरा चावला, की माझी जीभ कान टवकारायची. मी तिला म्हणालो, बस सरळ. उगं मान आखडंल.

मग बारामतीकडं माळेगावला पाहुण्यांच्यात साखरपुडा होता. तिथं मला कोण ओळखत नाही, भंडाऱ्याचं कुणाला माहीत नाही. म्हणालो, बरं झालं, इथं पोटभर जेवू. भाजी पानात पडली, मी खाल्ली, चांगली होती. तेवढ्यात समोरच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "आळणीच झाली की गं." शेजारीण म्हणाली, "शुगरवाले आसत्याल सगळे, म्हणून आसंल." दोघी हसल्या. मी पुढचा घास घेतला. आळणी. गवत खाल्ल्यासारखी आळणी. मी पानातलं मीठ बोटानं घेऊन भाजीत कालवलं आणि मग माझाच हात मला दिसला. खारट म्हणणाऱ्यांच्या मागं जीभ गेली तर मी म्हणायचो, अपमान लागलाय, मनाला लागलंय, जाईल. पण ह्या दोन बायका माझ्या कोण? आळणी म्हणाल्या तर आळणी. कुणीही यावं आणि माझ्या जिभेला दावं लावून न्यावं. जनावर तरी वळखीच्या माणसामागं जातं.

पाहुणे म्हणाले, तात्या, पोट भरलं? मी म्हणालो, भरलं.

जीभ बिघडली असंल म्हणून बारामतीला डॉक्टरकडं गेलो. एकटाच. घरात सांगितलं बियाणं बघायला चाललोय. डॉक्टरनं बॅटरी मारून बघितली, आ करायला लावलं, हिकडं-तिकडं चमचा फिरवला.

"जीभ ठणठणीत आहे आजोबा. तंबाखू तेवढी सोडा."

"तंबाखू मी खात न्हाय."

"मग तर फारच ठणठणीत आहे."

मुलीची मुलगी बारामतीला शिकायला आहे, खोली करून राहते. माणसाच्या मनाचं, डोक्याचं काहीतरी शिकते. गाव मला तात्या म्हणतं, ती आबा म्हणते. आलोच आहे तर भेटावं म्हणून फोन केला. ती स्टँडकडं आली आणि मला रसवंतीत घेऊन गेली. दोन ग्लास आले. मी म्हणालो, "आधी मला पिऊ दे. तोवर तू त्वांड वाकडं करू नगं आन ग्वाड-बीड काय म्हणू नगं."

ती बघतच राहिली. "असं का हो आबा?"

मग मी सांगितलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण नातीला सांगितलं. आमटीचं, म्हातारीच्या पाठीचं, माळेगावच्या बायांचं. मला वाटलं हसंल. हसली नाही. तिनं ग्लास बाजूला ठेवला.

"आबा, हे तुमच्या एकट्याचं नाही. सगळ्यांचंच होतं."

"सगळ्यांचं म्हंजी? माझी जीभ काय चावडी हाय का, कुणीबी यावं आन बसावं?"

आता मात्र हसली. मग तिनं मला समजंल असं सांगितलं. ती म्हणाली, चव जिभेवर लागते खरी, पण तिचा निकाल डोक्यात लागतो. आणि डोक्याला एकटं पडायची भीती असते. जुन्या काळी कळपातनं बाजूला पडला तो मेला, ती भीती अजून गेलेली नाही. चारचौघं एक बोलले आणि आपल्याला वेगळं लागलं, की डोकं म्हणतं, चूक झाली. अंधारात पायरी नाही तिथं पाय टाकल्यावर अंगात कसं होतं, तसं आत होतं. मग पुढच्या वेळी डोकं आधीच दुरुस्ती करून ठेवतं.

"म्हंजी मी खोटं बोलत न्हवतो?"

"नाही आबा. तुम्हाला खरंच खारट लागलं."

ह्यानं मला बरं वाटंल असं तिला वाटलं असावं. मला उलटं झालं. खोटं असतं तर सोडता आलं असतं. तोंडानं खोटं बोलतोय तर तोंड मिटावं. पण जे खरंच लागतंय ते कसं सोडायचं?

"आन मला ठावं असलं, का हे असं हुतंय, तर मग थांबंल का?"

ती म्हणाली, "थोडं कमी होत असेल. पूर्ण थांबतं असं नाही सांगता येत. मी हे शिकते, तरी माझंही होतं. मैत्रिणी ज्या ड्रेसला छान म्हणतात तो मला छान दिसायला लागतो."

रस पिऊन झाला. ती पैसे द्यायला लागली, मी तिचा हात मागं सारला. आणि मग उठता उठता माझ्या तोंडातनं निघालं. ते मी आधी मनातसुद्धा बोललो नव्हतो.

"बाय, मग इतकी वर्षं सगळे बेस झाली म्हणायचे, ते?"

तिनं पिशवी खांद्याला अडकवली.

"ते बी आसंच आसंल का? कुणीतरी एकानं पहिल्यांदा बेस म्हणलं, आन मग सगळ्यांना बेस लागली? मला बी?"

"तसंच असेल असं नाही, आबा. तुमचा हात चांगला असेलच की."

असेलच की. शिकलेलं माणूस खोटं बोलताना असं बोलतं. इंदापूरच्या गाडीत बसलो तरी तेच डोक्यात. हाताचा मान गेला तर गेला, म्हातारपणी सगळंच जातं. पण तो कधी हाताचा होता का नव्हता, हेच जर कळणार नसंल, तर मी जन्मभर कशाची छाती काढली?

पाऊसपाणी झालं, ऊसतोडी सुरू झाल्या. एकदा म्होरक्या माझ्या बांधावर आला. ट्रॉली रुतली होती, ती निघेपर्यंत बसला. बोलता बोलता गाल चोळायला लागला. म्हणाला, "तात्या, ही दुसरी दाढ पण काढायची म्हणत्यात. पहिलीनंच माझा जीव घेतला हुता. भंडाऱ्याच्या आदल्या दिशीच काढली की. डॉक्टर म्हणला, मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा. पंगतीला बसायच्या आधी गुळणी करूनच आलो, आन पहिलाच घास त्या भोकात गेला. आसा झोंबला म्हणता!"

मी कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभा होतो. म्हणालो, "मग?"

"मग काय मग?"

"आमटी खारट म्हणाला की तू."

 मग त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "आयला! व्हय की वो! दाढंच्या पायी म्हणलो आसन मी!" आणि मोठ्यानं हसला. मनानं वाईट नाही तो. हसून झाल्यावर म्हणाला, "पर तात्या, मग बाकीच्यांस्नी कशी लागली खारट?"

ते मी त्याला काय सांगणार.

ट्रॉली निघाली, तो गेला, आणि मी रान तसंच टाकून संगतीच्या गड्याच्या वस्तीवर गेलो. असा मी तरणेपणी चालत होतो. अंगात वारं भरलं होतं. तो गोठ्यात वैरण टाकत होता. मी सगळं सांगितलं: दाढ, गुळणी, भोक.

त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "आसंल."

"आसंल न्हवं, हाय. आमटी बरोबर हुती. आता तरी म्हण."

"आरं लेका, दाढ त्येची गेली. जीभ तर माझीच हुती न्हवं? मला खारटच लागली."

"ती त्यानं म्हणलं म्हणून लागली!"

"त्यानं म्हणलं म्हणून मला हागवण बी लागंल का मग? खारट हुती म्हणून लागली. सोड की आता. वर्ष हुत आलं."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा चेहरा मी लहानपणापासनं बघतोय. त्याला ती आमटी अजून खारट आठवत होती, आणि मरेपर्यंत तशीच आठवणार. त्याला सांगून उपयोग नव्हता. नातीनं मला सांगितलं ते मी त्याला सांगितलं असतं, तर म्हणाला असता, शिकलेल्या पोरीनं म्हाताऱ्याला येडं केलं.

घरी आलो ते तरी जिंकल्यासारखा आलो. म्हणालो, कुणी पटवून घेवो न घेवो, मला तर कळलं. आता माझी जीभ सुटली. म्हातारीला म्हणालो, "आमटी कर. भंडाऱ्यावाणी." तिनं केली. मी तिला दाढेची गोष्ट सांगितली, ती पदर तोंडाला लावून हसली, मीही हसलो. हसत हसतच भुरका मारला.

खारट लागली.

 सगळी प्यालो. ती म्हणाली, "बगा, गेलं न्हवं डोक्यातनं?" मी म्हणालो, गेलं.

औंदाचा भंडारा तोंडावर आला तसा म्होरक्या घरी आला, पेढे घेऊन. आला तेव्हाच कळलं की काहीतरी काढून घ्यायला आलाय. म्हणाला, भिगवणकडचा आचारी सांगितलाय, त्याच्याकडं मोठ्या शेगड्या हायेत, तोच सगळं करंल, मिठासकट. "तुमी खुर्चीवर बसायचं तात्या, मानानं. धुरात कशाला उभं ऱ्हायाचं ह्या वयात?" दाढेचं त्याला माहीत, मला माहीत. तो ते बोलला नाही, मीही बोललो नाही. बोलून काय, त्याच्या हातात तरी काय होतं? गावाला माझी आमटी खारट लागली होती, ते काय तो दाढ दाखवून पुसणार होता?

"बसतो की," मी म्हणालो.

भंडाऱ्याला मी धुतलेलं धोतर नेसून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलो. आचाऱ्यानं मीठ घातलं तेव्हा मी तिकडं बघितलं नाही. नैवेद्य गेला, आरती झाली. पहिली वाटी कुणाला द्यायची यावर जरा घोळ झाला आणि ती मलाच दिली. मी ओठाला लावली. काहीच कळलं नाही. लोक माझ्याकडं बघत होते, मी लोकांकडं बघत होतो, आणि जीभ वाट बघत होती, कुणीतरी बोलावं म्हणून. मी वाटी खाली ठेवली.

पंगतीत म्होरक्यानं घास घेतला. आता त्याचं तोंड बरं होतं. त्यानं चावलं, थांबला, माझ्याकडं बघितलं. दाढेचं त्याला मनातनं लागलेलंच होतं. मोठ्यानं म्हणाला, "न्हाय बाबा. तात्यांच्या हाताची न्हाय. आळणी हाय."

लगेच सुरू झालं. व्हय की, आळणीच हाय. काय त्या भिगवणवाल्याला म्हणावं, धरणातली मासं शिजवायची सवय. माझा संगतीचा गडी म्हणाला, "गेल्या साली जरा जास्त झालं, पर चव हुती. हिला चवच न्हाय." आचारी बिचारा पळी घेऊन उभा राहिला, एकाकडनं दुसऱ्याकडं बघत.

"तात्या, उठा! तुमीच घाला."

दोघातिघांनी मला खुर्चीवरनं उठवलं. काहिलीपाशी नेलं. आचारी बाजूला झाला. सगळे गप झाले, पहिल्यासारखे. वाफ तोंडावर आली. मी वास घेतला, आणि वासात काही नव्हतं. डाळीचा नाही, मिठाचा नाही. नुसती गरम वाफ. मी मिठाच्या घमेल्यातनं मूठ भरली आणि हात काहिलीवर नेला.

मूठ उघडंना.

उघडायची होती. पण किती? सगळी? अर्धी? आमटी आळणी आहे का नाही? म्होरक्यानं म्हणलं म्हणून आळणी? तो मला मान द्यायला म्हणाला का खरंच लागली म्हणून? आळणी नसंल आणि मी घातलं तर ह्यावेळी खरंच खारट होईल. मी मान वर केली आणि तोंडं बघितली. सगळी तोंडं माझ्याकडं वळलेली, सगळ्यांना मी काय करतो ते बघायचं होतं, आणि मला त्यांची तोंडं बघून काय करायचं ते ठरवायचं होतं. हात वाफेत भाजायला लागला. बोटं तशीच मिटलेली. मी हात मागं घेतला.

वाफ इतकी होती की कुणाला काही दिसलं नसावं. हात गेला आणि हात आला, एवढंच दिसलं असंल. म्होरक्या ओरडला, "हाणा पळी!" आचाऱ्यानं खालवर ढवळलं. मी मूठ तशीच धरून मागं सरलो आणि कोपरीच्या खिशात मोकळी केली.

नव्यानं वाढलं. म्होरक्यानं घास घेतला. टाळी वाजवली.

"हां! आता आली!"

"आली आली. ह्याला म्हणत्यात हात."

"एका मुठीत बघा की, एका मुठीत!"

बायकांच्या पंगतीतनं कुणीतरी म्हणालं, आता घाला गं आमाला. संगतीचा गडी तोंडात घास असतानाच माझ्याकडं बघून मान डोलवत होता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं, तिखटाचं असंल. आचाऱ्यानं चमचाभर घेतली, चाखली, आणि तोही म्हणाला, "व्हय वो तात्या, फरक पडला." त्यानं स्वतः मीठ घातलेलं, त्याला तरी कळायला पाहिजे होतं.

मला बोलायचं होतं. खिशात हात घालून मीठ काढून दाखवायचं होतं. पण कुणाला दाखवणार? दाखवलं असतं तर म्हणाले असते, थोडं पडलंच असंल तात्या, न्हायतर फरक कसा पडला.

मी हात धुतला. नीट धुतला, बोटांच्या बेचक्यात मिठाचा कण राहू नये म्हणून दोनदा. मग पंगतीत बसलो. मनाशी म्हणालो, आता बघू. आता तर मला पक्कं माहीत आहे. गावाला माहीत नाही, मला माहीत आहे. ह्या आमटीत मघापासनं काहीही पडलेलं नाही. आता माझी जीभ कुणाच्या मागं जाते ते बघू.

भाकरी चुरली. आमटी घेतली. घास घेतला.

मीठ कळत नव्हतं. तिखट घशाला लागत होतं, मागनं खोबरं येत होतं. वर्षभर मला अशी चव लागली नव्हती. माझ्या शेजारी म्होरक्या उठून उभा राहिला आणि मांडवाला सांगायला लागला, पुढल्या वर्षीपासनं मिठाचा मान परत तात्यांकडं, जीव हाय तोवर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून जेवत राहिलो. वाढपी आला, म्हणाला, "तात्या, घालू?"

मी ताट पुढं केलं.